इंजिन उघडू नका

“इंजिन उघडायचं नाही,” ती पुन्हा म्हणाली. “आहे तशी विकायची.”

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. “ताई, आत काय मोडलंय ते न बघता किंमत सांगायला मी काही ज्योतिषी नाही. दुरुस्त होण्यासारखी असली तर भंगारात कशाला घालवता?”

“वहिनी, लोक जुना फ्रीजसुद्धा उघडून दाखवून विकतात,” दीर म्हणाला. हसवायला म्हणाला, पण हसलं कुणीच नाही. “दादाची गाडी आहे. दुरुस्त करू. मी वापरेन.”

गॅरेजच्या मागच्या भिंतीशी गाडी आठ महिने उभी होती. काचांवर आतून चिखलाची रेघ होती, बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्याही वर. पुलाखालच्या रस्त्यात पाणी भरलं त्या संध्याकाळी तिचा नवरा त्या गाडीत, स्टीअरिंगमागे बसलेला सापडला. दारं बंद, काचा वर. लोक हळू आवाजात बोलले, पण बोलले. पाणी काही एका क्षणात चढत नाही. घोट्याएवढं होतं तेव्हा उतरून चालत आला असता. उतरायचंच नसेल त्याला.

सासूबाईंनी ते ऐकलं आणि मनातल्या मनात खरं धरलं. कारण त्या दिवशी सकाळीच त्या त्याला बोलल्या होत्या. घरात कुणाला न विचारता त्यानं ती जुनी गाडी विकत घेऊन दारात उभी केली, म्हणून आठवडाभर धुसफुसत होत्या. तोंडून निघून गेलं, “एवढी लाडकी आहे ना, मग तिच्यातच राहा. घरी येऊ नकोस.” तेव्हापासून त्यांचं देवाजवळ बसणं वाढलं आणि पानातला घास कमी झाला.

सुनेचेही आठ महिने कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. शेजाऱ्यांची गाडी सकाळी पटकन चालू होत नसे. किल्ली फिरवल्याची ती घरघर सुरू झाली, की ही मिक्सर लावायची. भांड्यात काही नसलं तरी लावायची. घरच्यांना वाटे, बिचारीनं गाड्यांची धास्तीच घेतलीय.

“उघडलं नाही मी,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही नको म्हणालात, नाही उघडलं. पण स्टार्टर बाहेरूनच निघतो. तो काढलाय.”

ती झटकन पुढे झाली. “कशाला काढलात?”

टायरांच्या थप्पीशेजारी खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंसमोर मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि त्यावर नारळाएवढा एक काळा भाग ठेवला.

“मावशी, किल्ली फिरवली की हा इंजिनाला फिरवतो. आतली तार बघा. पाण्यानं गंज चढतो, तार जळत नाही. हिचा कोळसा झालाय. एकदोनदा किल्ली फिरवून असं होत नाही. ते फिरवतच राहिले असणार. दहा वेळा, पंधरा वेळा.”

“गाडी ओढून आणणाऱ्यांनी फिरवली असेल,” ती म्हणाली.

“किल्ली पोलिसांच्या सीलबंद पाकिटात होती, ताई. ते पाकीट आज तुम्ही माझ्यासमोर फोडलंत.”

दीर मटकन टायरावर बसला. “म्हणजे दादा मरायला बसला नव्हता.”

“मरायला बसलेला माणूस गाडी चालू करायची धडपड करत नाही. ते घरी निघाले होते.”

सासूबाईंनी तो जड तुकडा उचलून मांडीवर घेतला. पदराला काजळी लागली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. “माझा बाळ घरी येत होता,” त्या म्हणाल्या आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं रडल्या. सून भिंतीला पाठ लावून उभी होती. देवा, इथंच थांबू दे, ती मनात म्हणत होती. एवढ्यावरच थांबू दे.

पण मिस्त्रींना राहवलं नाही.

“मला एक कळत नाही. पाण्यात गाडी बंद पडली की किल्लीला हात लावायचा नाही, सरळ उतरून चालू पडायचं, पाणी चढलं की मग दार उघडत नाही, हे त्यांना गाडी घेतली त्याच दिवशी सांगितलं होतं मी. पोरासारखं दोनदा म्हणून दाखवलं होतं त्यांनी. मग उतरले का नाहीत?”

सासूबाईंचं रडणं थांबलं. स्टार्टर त्यांनी अलगद स्टुलावर ठेवून दिला.

“मी सांगते,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं होतं ना, तिच्यातच राहा. गाडी टाकून घरी यायला भ्याला माझा लेक. मीच घेतला त्याचा जीव.”

“आई, काहीतरीच काय बोलतेस!” दीर उठला. त्यानं त्यांचे खांदे धरले. त्या नुसती मान हलवत राहिल्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू त्यांवर काही तरी दिसत होतं.

सून भिंतीपासून सुटली. चालत येऊन सासूबाईंच्या पायाशी बसली, सांडलेल्या ऑइलमध्येच. त्यांचे हात तिनं आपल्या हातांत घेतले.

“आई, त्यांचा फोन आला होता मला,” ती म्हणाली. “म्हणाले, पाणी घोट्याएवढंच आहे, गाडी सोडून चालत येतो. मीच म्हटलं, एवढ्या हौसेनं घेतलीत आणि टाकून काय येता? फोन चालू ठेवा, अजून एकदा लावून बघा. आणि त्यांचा आवाज बंद होईपर्यंत, आई, मी तेच म्हणत होते. अजून एकदा.”