दक्षिणेकडची खोली

"आधी कॉफी पी, मग माणसं मोज," इंदो तांदी म्हणाली. "इथून पळून कोण जातंय? पळायचे ते कधीच पळाले."

जनगणनेचा कारकून बाहार शिडीच्या वरच्या पायरीवर धापा टाकत बसला होता. मोटारसायकल खालच्या गावापर्यंतच येते, पुढचा डोंगर पायांनी चढायचा. पोरगा किनाऱ्याकडच्या बुगी जमातीचा, त्याला चढाची सवय कुठली? सकाळपासून त्याने सगळी घरं पालथी घातली होती. निम्म्यांना कुलपं. माणसं मकासरला, नाहीतर पापुआच्या खाणींत.

आता हे एकच घर राहिलं होतं, गावप्रमुखाचं.

"इंदो, खरं सांगतो, अगदी काठावर आहे," तो म्हणाला. "एक माणूस कमी पडलं तरी तुमचं गाव कागदावर राहायचं नाही. खालच्या गावाला जोडतील."

"जोडलं की काय होतं?"

"रस्ता वर येईल. नर्स येईल. पण गावाचं नाव जाईल, प्रमुखपद जाईल."

इंदो तांदी, म्हणजे तांदीची आई, सुपातले तांदूळ पाखडत राहिली. या घरात आली त्या दिवसापासून ती प्रमुखाची बायको होती. कोणाचं डुक्कर कोणाच्या वाफ्यात शिरलं, की भांडण तिच्या दारात. साहेब आला, की कोंबडी तिची. गेल्या साली धाकट्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा झोळी करून खाली नेली. सून रिकाम्या हातांनी परत आली. आता ती पुन्हा पोटुशी होती. मागच्या चुलीपाशी गुपचूप बसलेली असायची.

"प्रमुखांनी शपथ घेतलीय म्हणे," बाहार म्हणाला. "खाली सगळे सांगतात."

"घेतलीय. चर्चच्या अंगणात, रेड्याच्या शिंगावर हात ठेवून. मी जिवंत असेपर्यंत गावाचं नाव पुसू देणार नाही, म्हणाले. घेताना मला विचारलं होतं का? पण बोलले ते बोलले. शब्द फिरवणाऱ्याला आमच्यात कोणी मांसाचा वाटा देत नाही."

"आहेत कुठे ते?"

"आत. दक्षिणेकडच्या खोलीत."

बाहारचा कप हातातच राहिला.

ती गुडघ्यावर हात टेकत उठली. भाताचं ताट घेतलं, वर एक सिगारेट ठेवली आणि आत गेली. तो दारापर्यंत मागे आला. खोलीत अंधार होता, औषधाचा उग्र वास होता. तिचा नवरा अंबे तांदी पश्चिमेला डोकं करून पडला होता. हनुवटीपर्यंत लाल घोंगडी, डोळे मिटलेले, गाल आत गेलेले.

"अहो, साहेब आलेत," ती म्हणाली. "माणसं मोजताहेत."

तिने ताट उशाशी ठेवलं आणि घोंगडी सारखी केली.

बाहारने टोपी काढली. "कधीपासून?"

"पावसाळा लागल्यापासून पडूनच आहेत."

"रेडे अजून जमले नसतील."

"आमच्या गोठ्यात एकच आहे. तोही म्हातारा."

त्याने मान हलवली. दोघं बाहेर आली, तेव्हा त्याचा आवाज अगदी हळू झाला होता.

"इंदो, मला तुमची रीत ठाऊक आहे. आम्हाला शिकवून पाठवलंय. रेडे कापून मोठा विधी होईपर्यंत तुम्ही मेलेल्या माणसाला दक्षिणेकडच्या खोलीत ठेवता, जेवू घालता, त्याच्याशी बोलता. मला त्याचा आदर आहे. पण सरकारला श्वास घेणारी माणसं लागतात."

"मग जवळ जाऊन बघ ना. इतका चढून आलास, आणखी चार पावलं."

"नको, नको." तो एक पाऊल मागे सरला. "तशी गरज नाही."

"उद्या म्हणशील, म्हातारीने बघू दिलं नाही."

"नाही म्हणणार. मागच्या खेपेला एका कारकुनाने अशाच खोलीतला माणूस जिवंत धरला. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढला." त्याने मोबाईल काढला. बोट बराच वेळ पडद्यावर अधांतरी राहिलं. "हे लिहिलं की एक माणूस कमी पडतं. तुमचं गाव जाईल. मला वाईट वाटतं."

"तू शिकलेला माणूस. मी काय सांगणार? टाक काय टाकायचं ते."

त्याने बोट टेकवलं. उरलेली कॉफी त्याला गेली नाही. टोपी हातातच धरून तो शिडी उतरला. भाताच्या कोठाराखाली चार म्हातारे बसले होते. त्याला बघून त्यांनी माना खाली घातल्या.

बांबूच्या वळणाआड तो दिसेनासा होईपर्यंत इंदो तांदी शिडीपाशी उभी राहिली. मग सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून ती पाय ओढत दक्षिणेकडच्या खोलीत गेली आणि ताटाशेजारी बसली.

"मेलो ना एकदाचा? म्हणजे शपथही मोडली नाही." अंबे तांदीने एक डोळा उघडला. "मग कॉफी आण. साखर जरा जास्त घाल."