तीन मुठींचं गाणं

"माझा नाव कुठेच नाही आहे, आई!" मंजिरीने पुस्तक ओट्यावर आपटलं, तसं परातीतलं पीठ उडालं.

पुस्तक होतं रोमान्योल साहित्याच्या इतिहासाचं. लेखक मंजिरीचे मार्गदर्शक प्रोफेसर हॅलम. इटलीच्या एका कोपऱ्यातली ही बोली. तिच्यात जुनं लिखाण मुळातच थोडं आणि बायकांचं तर जवळजवळ नाहीच. म्हणून तर तिसरं प्रकरण गाजत होतं: शेतकरी बायकांचं तीनशे वर्षांपूर्वीचं पेरणीगीत. पहिली मूठ आईच्या नावाची, दुसरी बापाच्या, तिसरी बहिणीच्या.

ते शोधलं होतं मंजिरीने. तीन वर्षं दर शनिवारी दोन बस बदलून ती लंडनच्या हॅरोहून हाउन्सलोला, एर्सिलियाबाई नावाच्या वृद्ध इटालियन बाईंकडे जायची आणि टेप करायची. हे गाणं बाई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात इटलीत घरीच शिकल्या होत्या. घरी म्हणजे आईकडून, असं मंजिरीने लिहूनही टाकलं होतं. आता पुस्तकात छापलं होतं, 'मला सापडलेलं गीत'. चोर तो चोर, वर शिरजोर!

"परक्या भाषेसाठी एवढं रक्त आटवतेस," सुमन म्हणाली, "आणि आपलं नाव माझं असतं, 'माझा' नाही, हे कधी शिकणार?"

"आई, नॉट नाऊ!"

पण लेकीवरचा अन्याय आईलाही झोंबला होता. गुरुवारी साडीवर कोट चढवून तीही प्रकाशन समारंभाला निघाली. एर्सिलियाबाईंना मंजिरीने टॅक्सी धाडून बोलावून घेतलं होतं.

भाषणं संपताच मंजिरी उभी राहिली.

"प्रोफेसर, हे गीत तुम्ही कुणाकडून ऐकलंत?"

"हाउन्सलोच्या एका वृद्ध बाईंकडून."

"त्या इथेच बसल्यात. ओळखा बघू."

हॅलमनी तीन रांगांवरून नजर फिरवली. त्यांना काही ओळखता येईना. सभागृहात कुजबुज सुरू झाली. शेवटी प्रकाशनसंस्थेच्या बाईंनी उठून जाहीर केलं, की पुढच्या आवृत्तीत या शोधाचं श्रेय मंजिरीला मिळेल. टाळ्या झाल्या. मंजिरीचा राग मात्र निवला नव्हता. सगळ्यांनी ऐकावं म्हणून तिने टेप लावली आणि प्रत्येक कडव्यामागून त्याचं इंग्रजी वाचलं.

तिसऱ्या कडव्यानंतर टेप थांबली.

"तुमच्या टिपणांत तर चार कडव्यांचा उल्लेख आहे. चौथं कुठाय?" हॅलम कुजकटपणे म्हणाले. "शोध तुमचा ना? मग पुरा असायला हवा."

"मलाच आठवत नाही हो," एर्सिलियाबाई पुटपुटल्या. "भावाची मूठ होती, एवढंच आठवतं."

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी तीच चाल उचलली. सुमन डोळे मिटून गात होती:

"चवथी माझी ओवी गं, भाऊरायाच्या नावाला,
मूठ घालिते जात्याला..."

मंजिरी वळली. आईचं हे गाणं तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं.

एर्सिलियाबाई धडपडत सुमनपाशी पोहोचल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"विष्णू तुमचा कोण?" रडत रडत त्यांनी विचारलं. "लढाईत आमच्या घरी राहिलेला, तो मराठा पलटणीतला?"