मिश्रीचा तवा

"मिश्री लावता का?" मी ठकूमावशींना विचारलं.

"लावते की, दोन टाईम," त्या म्हणाल्या. सकाळपासून आळीतल्या आठजणींनी हेच सांगितलं होतं. तंबाखू भाजून केलेल्या या भुकटीने दात घासणाऱ्या बायकांना तोंडाचा कॅन्सर किती होतो, हे शोधायला मी नऊ वर्षं दरसाल याच घरांत येते आणि हाच प्रश्न विचारते.

गेल्या वर्षी मावशींच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला होता. धास्तावतच मी बॅटरी मारली. चट्टा नव्हता! इकडेतिकडे पाहिलं, तर मिश्री भाजायचा तवा कोंबड्यांच्या खुराड्याला झाकण म्हणून लावलेला.

"मावशी, खरं सांगा."

त्या पदराचं टोक पिळत बसल्या. शेवटी सूनच दारातून हसत म्हणाली, "ताई, आत्याबाईंनी पंचमीलाच सोडली. पण सोडली म्हटलं की यादीतनं नाव कटणार, मग तुम्ही यायच्या न्हाई, असं त्यांच्या डोक्यात."

"मग?" मावशी पुटपुटल्या. "दरसाल येऊन आमची इचारपूस करणारं दुसरं हाय कोण?"

लावून 'नाही' म्हणणाऱ्या मला ढिगाने भेटल्या होत्या. सोडून 'लावते' म्हणणारी ही पहिलीच. मी मावशींना मिठीच मारली. "अहो, सोडणाऱ्यांकडे तर यावंच लागतं. अजून अकरा वर्षं येणार मी."

"मग खोड ते," मावशींनी फॉर्मवर बोट आपटलं. "आन माघारी फिर. त्या आठजणीबी तुझ्याशी खोटं बोलल्यात."