चारशे बारा मोकळ्या जागा

नवरा प्रोग्रामर. ब्लॉगवरचे त्याचे तांत्रिक लेख हजारो लोक वाचायचे, पण त्यातल्या एका विरामचिन्हालाही त्याने बायकोला कधी हात लावू दिला नाही. ती छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासत आलेली. "तुझं ज्ञान शाळेच्या मासिकापुरतं ठेव," असं तो चारचौघांत म्हणायचा.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो आतल्या खोलीत पडून होता. उजवा अंगठा आणि पापण्या, एवढंच काय ते हलायचं.

एका दुपारी तिने त्याचे लेख उघडले. प्रत्येक पूर्णविरामानंतर एका मोकळ्या जागेऐवजी दोन सोडायची त्याची जुनी खोड. तिने पहिली जादा जागा पुसली, आणि आत पलंगाच्या कठड्यावर त्याचा अंगठा टक् वाजला.

ती थांबली. आतही शांत. तिने दुसरी पुसली.

टक्.

मधलं दार तर बंद होतं.

सगळ्या चारशे बारा जागा एका फटक्यात पुसता आल्या असत्या. तिने एकेक पुसली, चहाचे घोट घेत, चार दुपारी पुरवून पुरवून. शेवटी शेवटी तो आवाज अगदी हळू, गयावया केल्यासारखा यायला लागला. शेवटची जागा पुसली तेव्हा आलाच नाही.

नर्सबाई दार उघडून बाहेर आल्या. "ताई, अंगठाही गेला हो. आता पापण्या तेवढ्या हलतायत."

"हो का," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "स्वल्पविराम अजून तसेच राहिलेत."