सहावं तोंड

सुदेशने तोंडं मोजली. सहा भरली. बोट वर करून तो पुन्हा दिवाणखान्यापासून एकेक खोली फिरला. परत सहाच.

तोंड म्हणजे छतातली जाळी, जिच्यातून सेंट्रल एसीचा गारवा खोलीत उतरतो. हळर्णच्या या नव्या घरात मशीन एकच होतं, गच्चीवर, आणि तिथून पत्र्याचे चौकोनी नळ छताच्या पोटातून खोलोखोली नेले होते. ते बसवणाऱ्या अशोकची मजुरी तोंडामागे ठरली होती. त्याने साडेचार हजार सांगितले, सुदेशने साडेतीनवर आणले, आणि पाच तोंडांवर सौदा पक्का झाला. मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवून सुदेशने हे घर उभं केलं होतं. घासाघिशीत तो कुणाला हार जाणारा नव्हता.

सहावं कुठून आलं, असं त्याने विचारलं. अशोकने मोठ्या खुशीत मागच्या खोलीकडे हात केला.

तिथे सुदेशची आई, देवकी, सकाळपासून जाळीखाली खुर्ची टाकून बसली होती. मे महिना होता, आणि दुपारचं ऊन सगळं तिच्याच खोलीवर यायचं. सकाळी मशीन चालू झालं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि मुलाच्या कौतुकाने म्हणाली, माझ्या झिलाक माझी याद आसा. मग शेजारच्या जानकीला हाक मारून तिलाही घटकाभर त्या वाऱ्यात बसवलं. जानकीने निघताना सुदेशचं चार घरं ऐकू जाईल असं कौतुक केलं होतं.

त्या खोलीला जुन्या घराची एक मातीची भिंत तेवढी राखलेली होती. तिला भोक पडू नये म्हणून अशोकने नळ स्वयंपाकघराच्या बाजूने लांबून फिरवून आणला होता. दीड दिवस जास्त गेला. त्याचे पैसे मागायचे नाहीत असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मुलगा आईच्या भिंतीसाठी इतका हळवा होतो, तिथे आपण दीड दिवसाचं काय धरून बसायचं, असं त्याला वाटलं होतं.

"तुका सांगितलेलंय मां, आवशीची कूड सोड म्हणान?" सुदेश म्हणाला.

"सोडली की, मालक. हातसुद्धा लावला न्हाई."

"अरे, कूड सोड म्हणजे थंय नळच नेव नको."

अशोकला कळायला क्षणभर लागला. बेळगावकडे, त्याच्या गावात, कूड म्हणजे भिंत. काठ्या उभ्या करून मातीने लिंपलेली. इथे पेडण्यात कूड म्हणजे खोली. गोव्यात येऊन त्याला चारच महिने झाले होते, आणि इथलं बोलणं आपल्याला समजतं अशा भ्रमात तो होता. आमच्यात कूड म्हंजे भिंत, असं तो पुटपुटला. गेलेल्या मजुरीचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, त्याचं मात्र फार वाईट वाटलं.

देवकी उठून उंबऱ्यात आली होती.

तिला बघून सुदेश भराभर सांगू लागला. मशीन पाच खोल्यांच्या मापाचं आहे. सहाव्या तोंडाने दिवाणखाना गार होत नाही. सोमवारी वास्तुशांत, पन्नास माणसं जेवायला. आणि तू तर पंखासुद्धा एकवरच ठेवतेस. यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून ते ऐकायला जास्तच जड जात होतं. बोलून बोलून तो थांबला, आणि आता झालंच आहे तर राहू दे, असंही म्हणाला.

"नको," देवकी म्हणाली. "बंद कर. माका थंड वारो सोसणा नाय."

सकाळपासून ती त्याच वाऱ्यात बसली होती. सुदेशने आणखी एकदा विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. ते परक्या अशोकला दिसलं. सुदेशने विचारलं नाही. हिशेब पाचाचाच करू, एवढं अशोकला सांगून तो फोन कानाला लावत बाहेर गेला.

अशोकने शिडी आणून जाळीखाली लावली. देवकीने खुर्ची स्वतःच बाजूला ओढली आणि शिडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. हे काढायचे किती घेशील, असं तिने विचारलं. काढायची मजुरी नसते आई, असं तो म्हणाला. तशी ती असते; पण त्याच्याने सांगवेना. नळ आतून पत्रा मारून बंद करायचा, जाळी उतरवायची आणि भोकावर फळी बसवून रंग लावायचा, असं काम होतं. त्याने पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

"जाळी काढू नको, बाबा," देवकी खालून म्हणाली. "वारो आतल्या आत बंद कर. जाळी तशीच रवांदे."

अशोकने खाली बघितलं.

"सोमवारी लोक येतले," ती म्हणाली. "झिलान आवशीच्या कुडीक पण एसी घातल्यान, असा तेंका दिसाक व्हया."