टीव्हीची पूजा

गावातला पहिला टीव्ही मेहकरहून मनकर्णाबाईंच्या घरी आला, तेव्हा पूजा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. त्यांच्या मुलाला, किसनला, मात्र दम निघत नव्हता. त्यानं गुपचूप भिंतीवरचं विजेचं बटण दाबून ठेवलं होतं.

घर सकाळीच सारवलेलं, जमीन अजून ओली. चार सवाष्णी बसल्या होत्या. नव्या बैलाची करतात तशी मनकर्णाबाईंनी टीव्हीची पूजा केली. तांब्यातलं पाणी सढळ हातानं शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं आणि हार बांधायला अँटेनाची दांडी मुठीत धरली. ती मूठ मग उघडेचना. तोंडातून शब्द फुटत नव्हता, अंग नुसतं थरथरत होतं.

"माय!" किसन धावला.

"हात नोका लावू! तुमीबी चिकटसान!" त्याच्या बायकोनं, जनकानं, त्याला असं ढकललं की तो थेट सवाष्णींच्या अंगावर जाऊन पडला.

बटण टीव्हीच्या मागे, भिंतीवर. मनकर्णाबाईंना न शिवता तिथवर जायला वाट नव्हती. जनकानं कोपऱ्यातली सासऱ्यांची कोरडी काठी उचलली, लाकडी पाटावर उभी राहिली आणि सासूच्या मनगटावर हाणली. बांगड्या फुटल्या, पण मूठ सुटली नाही. मग तिनं दातओठ खाऊन दुसरी हाणली. मनकर्णाबाई मागे कोसळल्या. किसननं धावत जाऊन बटण बंद केलं.

"अवं माय! सवाष्ण सासूच्या बांगड्या फोडल्या इनं!" शेजारच्या सत्यभामाबाई म्हणाल्या आणि चहा न घेताच उठल्या. एवढी मोठी बातमी पोटात ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं.

पाणी प्यायल्यावर मनकर्णाबाई उठून बसल्या. मनगट टरारून सुजलं होतं. कोपऱ्यात जनका हुंदके देत होती.

"काऊन रडून राह्यली वं?"

"मी तुमच्यावर काठी उचलली, आत्याबाई."

मनकर्णाबाईंनी तिला जवळ ओढलं. आपण अजून श्वास घेतो आहोत याचंच त्यांना नवल वाटत होतं. याच पोरीनं आपला जीव वाचवला होता.

थोड्या वेळानं त्या सत्यभामाबाईंच्या ओसरीवर गेल्या. तिथे बायका जमल्याच होत्या. मधोमध सत्यभामाबाई फुटलेल्या बांगड्यांची गोष्ट सांगत होत्या.

"इनं तुमाले अर्धंच सांगतलं असंन," मनकर्णाबाई सुजलेलं मनगट पुढे करून म्हणाल्या. "माह्या सुनंनं मले दोन काठ्या हाणल्या. एकीवरच थांबली असती, तं आता तुमी माह्या आंगणात रडत बसल्या असत्या."