पडण्याचा सराव

ओरना रंगमंचावर नाचताना कोसळली आणि येहेझकेल प्रेक्षकांतून उठून तिच्याकडे धावला. इस्रायलमधल्या अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवणारा तिचा बाप होता तो. मुंबईत असताना ओव्हरटाइमच्या नादात त्याने लेकीचा पोलिओचा डोस चुकवला होता, आणि हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. पोरीचा पाय लुळा पडल्यापासून ती जरा अडखळली तरी तो तिला उचलून घ्यायचा. आताही त्याने तिच्या काखेत हात घातले. “अबा, लो! नको ना बाबा, सोड मला,” ती कुजबुजली. “हे पडणं नाचातलंच आहे.” तो ओशाळून विंगेत सरकला. तिने तळवे फळ्यांवर टेकले, लोखंडी पट्ट्यांतला पाय ओढून जवळ घेतला आणि थरथरत का होईना, ती उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. येहेझकेलचे हात मात्र उचलेनात. एकोणीस वर्षांत त्याने तिला एकदाही स्वतःहून उठू दिलं नव्हतं.